निश्चयाच्या तीन प्रती

माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या सगळ्या खानदानात टाइपरायटरला हात लावलेला मी एकटाच होतो. बहीण रत्नागिरीत होती आणि टाइपरायटर दोह्यात. मधे सगळा समुद्र.

साठच्या आगेमागे मी दोह्याला गेलो. सूकजवळ, म्हणजे तिथल्या बाजाराजवळ, एक मोठी पेढी होती. सिमेंट, लोखंडी पाइप, पाण्याचे पंप असला माल विलायतेहून आणून विकायचा. तिथे मी टायपिस्ट क्लार्क. राहायला नजमा नावाच्या वस्तीत एक खोली, चार खाटा, एक पंखा. खोलीत मी, खेडकडचा एक इलेक्ट्रिशियन, सरकारी दवाखान्यात काम करणारा एक कंपाउंडर आणि चाचा. चाचा रायगडकडचे. तेव्हा त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. ते कोणाचेच सख्खे चाचा नव्हते, पण सगळ्यांचे होते. आमच्या पेढीत ते हेडक्लार्क असल्यामुळे ऑफिसातही तेच माझ्या डोक्यावर आणि खोलीतही तेच. माझी सुटका कुठेच नव्हती.

आमचे वडील मी मॅट्रिकला असतानाच गेले होते. त्यामुळे बहिणीच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून माझं नाव पडायचं आणि पुढे ‘बंधू, दोहा, कतार’. ती रत्नागिरीला मामूंकडे राहून इंटर सायन्स शिकली. निकाल चांगला लागला, पण डोळे दिपतील असा नव्हे. तिने तीन मेडिकल कॉलेजांत फॉर्म भरले. एक समुद्राजवळचं, एक घाटावरचं, एक पार दक्षिणेकडचं. तिन्हीकडून सारखंच उत्तर आलं. नाव वेटिंग लिस्टवर आहे, पुढे कळवू.

मग तिचं मला पत्र आलं. जांभळी शाई, बारीक अक्षर, कागदाच्या चारी कडांनी लिहिलेलं. मुद्द्याची गोष्ट अर्थातच कडेला होती.

‘भाय, आमचे प्रोफेसर म्हणतात, पालकाचं पत्र गेलं तर बरं. तुझ्याकडे मशीन आहे. एवढंच लिही की माझ्या बहिणीला तुमच्या कॉलेजात शिकण्यात इंटरेस्ट आहे, जागा झाली तर आभारी होऊ. दोन ओळी पुरे. वकिली करू नकोस.’

तो शुक्रवार होता. जुम्याची नमाज पढून आम्ही खोलीत आलो होतो आणि इलेक्ट्रिशियन स्टोव्हवर मासळीचं कालवण चढवत होता. आमच्या खोलीत घरचं पत्र मोठ्याने वाचायची पद्धत होती. कोणाचं का असेना. मी वाचलं. ‘इंटरेस्ट’ हा शब्द आला आणि चाचांनी हात वर केला.

“काय लिहायचं म्हणते?”

“इंटरेस्ट आहे म्हणून लिहायचं.”

चाचा खाटेवर सरळ बसले. “मेल्या, तू तीन वर्षं माझ्या हाताखाली आहेस. विलायतच्या कंपनीला आपण ‘वी आर इंटरेस्टेड’ लिहिलं की काय येतं?”

“कॅटलॉग.”

“रंगीत कॅटलॉग. आणि ‘वी कन्फर्म’ लिहिलं की?”

“पंप.”

“मग बहिणीला काय हवंय? कॅटलॉग?”

चाचांची हयात पत्रव्यवहारात गेली होती. जगातल्या सगळ्या माणसांचे ते दोन भाग पाडत. चौकशी करणारे आणि ऑर्डर देणारे. चौकशी करणाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण त्याने काही पणाला लावलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. फक्त मेडिकल कॉलेजं पंप विकत नव्हती, एवढाच फरक.

कालवण शिजेपर्यंत पत्राचा मसुदा तयार झाला. प्रत्येकाने आपापली भर घातली. कंपाउंडर म्हणाला, वैद्यकीय पेशा पवित्र आहे असं सुरुवातीलाच पाहिजे, सगळ्या डॉक्टरांना ते आवडतं. इलेक्ट्रिशियनने विचारलं, मुलगी रक्ताला घाबरते का. मी म्हटलं, सहाव्या वर्षापासून मासे साफ करते. “मग ते लिही,” तो म्हणाला. ते मी लिहिलं नाही, पण ‘तिच्या धैर्याची आम्हाला लहानपणापासून प्रचीती आहे’ असं एक वाक्य केलं. शेवटचा परिच्छेद चाचांचा. इंग्रजीत तो फार दणदणीत होता. मराठीत त्याचा अर्थ असा की, माझ्या बहिणीचा आणि आमच्या संपूर्ण कुटुंबाचा निश्चय पक्का, अढळ आणि मागे न घेता येणारा असून तो आपल्याच कॉलेजसाठी, आणि फक्त आपल्याच कॉलेजसाठी आहे. जागा मिळाल्यास ती आम्ही ताबडतोब आणि विनाअट स्वीकारू.

“आता हे एकालाच जाईल,” चाचा म्हणाले. “फर्म ऑर्डर एकालाच देतात. बाकीच्या दोघांना पाहिजे तर तिच्या दोन ओळी पाठव. बोल, कोणाला?”

इथे खोलीत फूट पडली. इलेक्ट्रिशियनला समुद्राजवळचं कॉलेज पसंत, कारण तिथे मुलीला ताजी मासळी मिळेल. कंपाउंडरच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर दक्षिणेकडच्या कॉलेजात शिकलेले होते आणि त्यांचा टाका कधी पिकत नसे, म्हणून तो दक्षिणेच्या बाजूने. चाचा घाटावरच्या. का, तर तिथली हवा थंड असते. त्या उन्हाळ्यात, जेव्हा आमच्या खोलीच्या भिंतीसुद्धा हाताला भाजत होत्या, हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटला. तरीही जेवण होऊन भांडी घासून झाली तरी निकाल लागला नाही. बहिणीला विचारावं हे चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिस बंद झालं. दोह्यात उन्हाळ्यात दुपारचे तीन-चार तास सगळं खलास, मग संध्याकाळी पुन्हा उघडायचं. मी मागे थांबलो. मशीनमध्ये कागद घातला आणि घाटावरच्या कॉलेजला पत्र टाइप केलं. ते इतकं सुंदर झालं की एकच पाठवायचं माझ्या जिवावर आलं. मनात म्हटलं, तिन्हीकडे जागा थोडीच मिळणार आहे. एखादीकडेच मिळेल. जिकडे मिळेल तिकडचा निश्चय खरा ठरेल, बाकीचे दोन आपोआप फुकट जातील, कोणाचं काय बिघडतंय? हा विचार मला त्या वेळी फार हुशारीचा वाटला होता. मी पहिलं पत्र मसुदा म्हणून बाजूला ठेवलं आणि पत्ता बदलत तिन्ही पत्रं ओळीने नव्याने टाइप केली. सह्या केल्या आणि पोस्टात टाकली.

संध्याकाळी चाचांनी विचारलं, “कोणाला पाठवलंस?”

“घाटावरच्याला.”

हे खोटं नव्हतं. एक तृतीयांश खरं होतं.

आता आमच्या पेढीची एक रीत सांगायला हवी. एकाच मजकुराचं पत्र अनेक कंपन्यांना जायचं असलं की प्रत्येक पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आम्ही बारीक खूण टाइप करायचो. पाच पत्रं असली तर पाचपैकी एक, पाचपैकी दोन, असं. नंतर फायलीत प्रती जुळवायला सोपं जायचं. तीन वर्षांत मी अशी शेकडो पत्रं टाइप केली होती. ती खूण माझं डोकं करतच नसे. बोटंच करून मोकळी होत.

दोन-तीन आठवड्यांनी दक्षिणेकडच्या कॉलेजचं पत्र पेढीच्या पत्त्यावर आलं. बाकी दोघांच्या आधी त्यांचं उत्तर आल्याने मला आनंद झाला. टेबलावर उभ्याउभ्याच फोडलं. रजिस्ट्रारने लिहिलं होतं:

‘आपल्या भगिनींचा निश्चय अढळ असून तो केवळ आमच्याच संस्थेसाठी आहे हे वाचून समाधान वाटले. पत्राच्या तळाशी असलेल्या नोंदीवरून हा निश्चय तीनपैकी तिसरा असल्याचे दिसते. पहिल्या दोन निश्चयांचे काय झाले ते कळल्यावर कृपया आम्हाला कळवावे.’

मी दोनदा वाचलं. मग फाइल काढून माझ्याकडची कार्बन कॉपी पाहिली. डाव्या कोपऱ्यात, अगदी नीट, ओळीत, तीनपैकी तीन.

चाचा समोरच बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी नुसता हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तीन ठिकाणी फर्म ऑर्डर,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “तिन्ही पंप बंदरात उतरले तर ठेवशील कुठे?”

“चाचा, चूक झाली.”

“चूक तीन पत्रं लिहिलीस ही नाही. नंबर घातलेस ही पण नाही. अढळ हा शब्द माझा होता रे. तो तू तीनदा वापरलास.”

हे त्यांना खरोखर लागलं होतं. नंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त ऑफिसच्या कामापुरतं, तेही इंग्रजीत बोलले.

पण त्याच दिवशी एक तातडीचं काम होतं. बहिणीच्या शेवटच्या पत्रात लिहिलेलं होतं की घाटावरच्या कॉलेजने तिला मुलाखतीला बोलावलं आहे आणि त्याआधी ती चार दिवस गावी आईकडे जाणार आहे. तारीख जवळ आलेली. तिला मी तीन पत्रांचं काहीच कळवलं नव्हतं. ती बिचारी तिथे जाऊन बसणार आणि समोर ते पत्र ठेवलेलं असणार. टपाल वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. गावच्या पत्त्यावर तारच करायला हवी होती.

तारेचा मजकूरही चाचांनीच केला. रागात असले तरी कमी शब्दांत मजकूर बसवायचं काम ते दुसऱ्याला देत नसत. तार इंग्रजीत होती: ‘विथड्रॉ कमिटमेंट. रिटेन इंटरेस्ट. लेटर फॉलोज.’ म्हणजे मुलाखतीत पक्क्या शब्दाचं काही बोलू नकोस, इंटरेस्ट आहे एवढंच म्हण, सविस्तर पत्र मागून येत आहे. आम्हाला वाटलं, याहून स्पष्ट काय असू शकतं.

पुढे काय झालं ते आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. एकाच दिवशी गावाहून दोन पाकिटं आली. एक आईचं, एक बहिणीचं. आईचं मान म्हणून आधी फोडलं. आई लिहीत नसे. शाळेच्या मास्तरांना सांगून लिहून घेई आणि मास्तर तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवत. पुन्हा शुक्रवार होता, पुन्हा खोलीत सगळे होते. मी वाचायला लागलो.

‘बाळा, तू मक्केच्या वाटेवरच्या मुलखात राहतोस. पाच वेळा बांग तुझ्या कानावर पडते. आणि तू आईला तार करून व्याज ठेवायला सांगतोस. तुझ्या बापाने आयुष्यात व्याजाला हात लावला नाही. मला तर आपलं कुठलं खातं आहे हेच माहीत नाही. असेल तर ते बंद कर. मुद्दलही नको मला.’

पुढे असं पानभर होतं. मी थांबलो. खोलीत कोणाला काही उमगेना. चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हा पोरगा आमच्या नकळत सावकारीही करतो की काय.

“बहिणीचं वाच,” कंपाउंडर म्हणाला.

बहिणीने सगळं क्रमवार लिहिलं होतं. आमच्या गावी तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ होता. पोस्टमन आंगणात आला तेव्हा आई तार न उघडताच ओट्यावर बसली आणि शेजारच्या बाया जमल्या. बहीण त्या वेळी खाडीपलीकडे मैत्रिणीकडे गेलेली. इंग्रजी वाचणारं घरात दुसरं कोणी नाही, म्हणून पोस्टमास्तर स्वतः आले. हा माणूस भला, पण त्याचा सगळा जन्म बचत खात्याची पासबुकं भरण्यात गेला होता. त्याने तार वाचली आणि आईला धीर देत सांगितलं, कोणी गेलेलं नाही, खुशाली आहे. विथड्रॉ म्हणजे काढा. रिटेन म्हणजे ठेवा. इंटरेस्ट म्हणजे व्याज. कमिटमेंट हा शब्द त्याला नेमका ठाऊक नव्हता, पण व्याजाच्या जोडीला मुद्दलच असणार. तेव्हा मुद्दल काढा, व्याज ठेवा, पत्र मागून येतं.

‘मी घरी आले तर आई माझ्याशी बोलेना,’ बहिणीने लिहिलं होतं. ‘तिला वाटलं, मला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. तार मी वाचली तेव्हा अर्धी कळली. उरलेली मुलाखतीत कळली.’

इलेक्ट्रिशियन तोपर्यंत पोट धरून खाटेवर आडवा झाला होता. चाचा हसले नाहीत. त्यांचा मजकूर होता ना तो.

मुलाखतीचं तिने असं लिहिलं होतं. मामू तिला घेऊन एस.टी.ने निघाले. घाटात तिला दोनदा ओकारी झाली. कॉलेजात पोचली ती पिवळी पडून. आत तिघे बसलेले, मधे डीन. चष्मा कपाळावर चढवलेला एक वाळका माणूस. त्याने विचारलं, डॉक्टर का व्हायचंय.

तिने शेजारच्या चाचींची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मला माहीत होती. त्यांचे दिवस भरले होते, मूल आडवं होतं, दवाखाना खाडीपलीकडे. होडी आणली तर ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली. भरती येईपर्यंत थांबावं लागलं आणि तेवढं थांबणं त्यांच्याने झालं नाही. होडी ढकलणाऱ्यांत मी होतो, गुडघ्यापर्यंत चिखलात. बहीण काठावर उभी होती, दहा-अकरा वर्षांची. भरती आल्यावर होडी आपोआप तरंगली, ते मी कधी विसरलो नाही. आणि तरीही पत्र लिहिताना मी ‘पवित्र पेशा’ टाइप केलं होतं. इलेक्ट्रिशियन उठून बसला.

मग डीनने फायलीतून माझं पत्र काढलं, असं पुढे होतं.

‘ते म्हणाले, हे तुमच्या बंधूंचं. फार जोरदार आहे. पण तळाशी तीनपैकी एक असं लिहिलंय. बाकीचे दोन कुठे आहेत? मी म्हटलं, सर, मला माहीत नाही, पण अंदाज आहे. तेव्हा ते हसले. शेजारच्या दोघांनीही वाकून पत्र पाहिलं. मग ते म्हणाले, हा निश्चय बंधूंचा. तुमचा काय? मी म्हटलं, माझा निश्चय डॉक्टर होण्याचा आहे. कॉलेजात मला इंटरेस्ट आहे. तुमचं कॉलेज मी आजच पाहिलं, त्याआधी कसं सांगू की फक्त इथेच यायचंय?’

मी वाचायचा थांबलो, कारण चाचा पुढे झुकले होते. “पुढे,” ते म्हणाले.

‘ते म्हणाले, आणि जागा दिली तर? मी म्हटलं, दिलीत तर आजच शब्द देते. बाकीच्या दोघांना नाही म्हणून कळवीन. आणि परतही फिरणार नाही, कारण तो घाट पुन्हा उतरायची माझी ताकद नाही. त्यांनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, हे तुमच्या हाताने लिहा. मी लिहिलं. चार ओळी झाल्या. त्यांनी तुझं पत्र काढून मला परत दिलं आणि माझा कागद फायलीत लावला. भाय, तुझं पत्र माझ्याजवळ आहे. इंग्रजी चांगलं आहे. पण पुन्हा माझा निश्चय तू करू नकोस. उद्या लग्न ठरवायची वेळ आली तर तीन ठिकाणी नंबर घालून पाठवशील.’

खोलीत हसण्याचा असा गदारोळ झाला की शेजारच्या खोलीतले केरळकडचे लोक बघायला आले. चाचा शेवटी बोलले. “ही मुलगी आपल्या ऑफिसात पाहिजे होती,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलायला लागले.

आठ-दहा दिवसांत घाटावरच्या कॉलेजात तिचं नाव लागल्याचं कळलं. चाचांनी ऑफिसात कहवा पाजला, मॅनेजरसाहेबांसकट सगळ्यांना. साहेब पॅलेस्टाइनकडचे. त्यांना वाटलं माझं लग्न ठरलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ मुबारक म्हटलं, आणि खरं काय ते सांगितल्यावर दुसऱ्यांदा म्हटलं.

खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात झाली, आणि ती तिची नव्हती, माझी होती. समुद्राजवळच्या कॉलेजचं पत्र आलं. जागा देत आहोत, दहा दिवसांत हजर व्हावे. खूण-बिण त्यांनी पाहिलीच नव्हती. किंवा पाहून सोडून दिली असेल. हे कॉलेज जुनं, नावाजलेलं, घरून बोटीने जाण्यासारखं, घाट नाही. खोलीत पुन्हा खल झाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मी पहिल्यापासून सांगत होतो. कंपाउंडरही आता समुद्राच्या बाजूने आला. माझं मन तर पत्र वाचतानाच तिकडे गेलं होतं. मी बहिणीला लिहिलं की विचार कर, मोठं कॉलेज आहे, घाटावरच्यांना काहीतरी कारण सांगता येईल, आईची तब्येत म्हणता येईल.

चाचांनी हे पत्र पोस्टात टाकण्याआधी वाचलं. “आईची तब्येत बरी आहे ना?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे.”

“मग यल्ला, चल, टाक पोस्टात. ती काय म्हणते बघू.”

तिचं उत्तर एका पोस्टकार्डावर आलं. पोस्टकार्ड तिने मुद्दाम निवडलं असावं, म्हणजे वाटेतल्या सगळ्यांनी वाचावं. ‘घाटावरच्यांना मी माझ्या हाताने लिहून दिलंय. त्यावर नंबर नाही. आईची तब्येत उत्तम आहे, काल तिने दोन पायली भात कांडला. फी भरली. हाडांचा सेट एका सीनियर मुलीकडून घेतला आहे, खाटेखाली ठेवते, रूममेट घाबरते.’

कार्ड वाचून मला राग आला, मग लाज वाटली, मग हळूहळू हायसं वाटलं. ह्या क्रमाने. संध्याकाळी मी समुद्राजवळच्या आणि दक्षिणेकडच्या कॉलेजांना क्षमा मागणारी पत्रं हाताने लिहिली. मशीनला हात लावला नाही. चाचांनी दोन्ही वाचली आणि एक शब्दसुद्धा बदलला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

आईला समजवायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. व्याजाची भानगड नाही हे पटवायला मी तीन पत्रं लिहिली. मास्तरांनी ती तिला वाचून दाखवली. शेवटी तिने कळवलं की ठीक आहे, पण पोस्टमास्तर खोटं कशाला सांगेल.

दुसऱ्या वर्षी मला रजा मिळाली. बोटीने मुंबई, तिथून घरी, आणि घरून एके दिवशी मी बहिणीला भेटायला घाट चढून गेलो. बरोबर खजुराचा डबा होता, चाचांनी दिलेला. मुलींच्या होस्टेलला भेटीची एक खोली होती. दोन बाकं आणि दारात एक पहारेकरीण बाई. बहीण पांढऱ्या कोटात आली. मागच्या रजेनंतर मी तिला दीड-दोन वर्षांनी बघत होतो आणि मनात खूप काही होतं. ती म्हणाली, “भाय, पंधरा मिनिटं आहेत. परीक्षा आहे.” उभ्याउभ्याच तिने दोन खजूर खाल्ले. मी आईचा निरोप सांगत होतो, तर ती माझ्याकडे निरखून पाहायला लागली.

“खोकला किती दिवस आहे?”

“असतो जरासा. तिथली धूळ फार.”

“जीभ काढ.”

मी इकडेतिकडे पाहिलं. दारातली बाई पाहत होती. मी जीभ काढली.

“सिगारेट?”

“नाही.”

“खरं सांग.”

“दिवसाला दोन.”

तिने खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं, बहुतेक ‘चार’. मग तिने माझं मनगट धरून घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. लहानपणी चिखलातून चालताना हाच हात मी धरून न्यायचो. आता तो हात कोरडा होता, गार होता आणि त्याला औषधांचा वास येत होता. कुठेतरी घंटा झाली. “बरा आहेस,” ती म्हणाली, “पण सोड त्या,” आणि निघून गेली.

दारातली बाई म्हणाली, वेळ झाली. मी उठलो. डबा बहीण बाकावरच विसरली होती. मी तो बाईंच्या हातात दिला आणि सांगितलं, ती संध्याकाळी परत येईल तेव्हा द्या, आणि आधी दोन तुम्ही घ्या. बाईंनी दोन घेतले, थोडा विचार केला आणि तिसरा घेतला.